हॉर्नला हात लावू नका

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे, भर दुपारी, आमच्या गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत. मंगळवार होता. सव्वादोन वाजले होते.

मी गाड्यांचं वायरिंग करते. बाबांकडून शिकले. त्यांची नजर अधू झाल्यापासून ते खुर्चीत बसून नुसता कान देतात. पण तो कान असा, की कुठला रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, वाजला ते बसल्या जागी सांगतील.

त्या दिवशी एक गृहस्थ वीस वर्षं जुनी पांढरी गाडी घेऊन आले.

"मिस्त्री कुठेत?"

"मीच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग नाइलाजानं बोलले.

"तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. दोन बदलून झाल्या."

"कुठेतरी करंट खात असेल. शोधते."

"शोधा. फक्त हॉर्नला हात लावू नका, ताई. बंद आहे, बंदच राहू दे."

आणि न विचारताच सांगितलं, "मागच्या उन्हाळ्यात आमच्या मिसेस याच गाडीत गेल्या. हार्ट. मी दहा मिनिटं दुकानात गेलो होतो. तेव्हापासून मला आवाज सहन होत नाही."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

ते समोरच्या दुकानाच्या सावलीत जाऊन बसले. मी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि मधे मीटर जोडला. गाडी बंद असली तरी घड्याळाबिड्याळाला थोडा करंट लागतोच. ०.०३ अँपिअर. ठीक.

मग आकडा उडाला... ०.१८.

पुन्हा ०.०३.

पुन्हा ०.१८.

कोणीतरी बटण दाबतंय, सोडतंय, पुन्हा दाबतंय... तसं.

"हॉर्नचा रिले वाजतोय," बाबा खुर्चीतून म्हणाले. "टकटक ऐकू येत नाही का तुला?"

मी हॉर्नचा फ्यूज उपसला. टकटक थांबली. म्हटलं, चला, चोर सापडला.

फ्यूज माझ्या हातात होता.

आणि...

टक.

बाबांनी मान वर केली. "फ्यूज काढलास ना?"

"काढला."

टक... टक... टक.

मी स्टीअरिंगखाली वाकले. हॉर्नची वायर कापलेली होती. उंदरानं कुरतडली असती तर चिंध्या झाल्या असत्या. ही कटरनं कापली होती. सरळ. दोन्ही टोकांना नीट टेप. म्हणजे बटण कितीही दाबलं तरी रिलेपर्यंत काही पोचणारच नव्हतं.

तरी रिले वाजत होता.

पलीकडून बाहेर पडायला मी ड्रायव्हरशेजारच्या दाराचं आतलं हँडल ओढलं. लुळं. पॅनेल खोलून पाहिलं, तर हँडलपासून लॉकपर्यंतची सळईच काढलेली. मागच्या दोन्ही दारांचं तेच. ड्रायव्हरच्या दारात मात्र सळई होती. कोरी, चकचकीत. नंतर बसवलेली.

काचा बटणाच्या. चावीशिवाय खाली न होणाऱ्या.

पॅनेलवर आतून ओरखडे होते. चार-चार बोटांचे.



"बाबा... त्यांच्या मिसेसना आत कोंडलं होतं."

बाबा म्हणाले, "पोलिसांना फोन कर. आता कशाला हात लावू नकोस."

त्यांचं बरोबर होतं. पण ती टकटक थांबेना. वर्षभर एक बाई हाका मारतेय आणि बाहेर कोणाला ऐकूच जात नाहीये... माझ्यानं राहवलं नाही. मी फ्यूज परत लावला आणि वायरची दोन टोकं एकमेकांना पिळली.

हॉर्न वाजला.

बटणावर कोणाचाच हात नव्हता.

एकच, लांबलचक. दुकानातली माणसं बाहेर आली. मग आवाज आपोआप थांबला. मीटरवर ०.०३. फॉल्ट गेला होता.

मी मीटर काढला. बॅटरीची वायर सुटीच ठेवून फोन शोधायला वळले, तोच ते गृहस्थ धावत आले. चेहरा पांढराफटक.

"कोणी सांगितलं होतं तुला हात लावायला?"

"वायर कोणी कापली?" मी विचारलं.

त्यांनी मला ढकललं, आत बसले, दार ओढून घेतलं.

खट्.

चारही लॉक एकदम पडले. आणि बॅटरीची वायर सुटी होती... मी स्वतः सोडलेली.

आधी त्यांनी चावी फिरवली. मग हँडल ओढलं. मग काचेवर थापा मारू लागले. शेवटी हॉर्न दाबला. दोन्ही हातांनी, जीव खाऊन.

आवाज आला नाही. नुसती टकटक.

डोक्यावर ऊन. काचा आतून धुरकटल्या. दुकानदारानं दगड घातला, तो उडून परत आला. बाबा ओरडले, "हातोडा घे!"

मी घेतला. पुन्हा पुन्हा मारला. काचेला तडादेखील गेला नाही.

किती वेळ गेला, मला माहीत नाही. मग लॉक आपोआप वर आले. चारही. आम्ही दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. ते स्टीअरिंगवर पडले होते. संपले होते.

पोलिसांना मी सगळं दाखवलं. वायर, सळया, ओरखडे. त्यांनी मान डोलावली, लिहून घेतलं. बॅटरी सुटी असताना लॉक कसे पडले, तो रकाना मात्र त्यांनी कोरा ठेवला.

त्या दिवशी जेवताना बाबा हळूच म्हणाले, "ठोके ऐकले मी तुझे. पोरी, पूर्ण ताकदीनं मारलास ना हातोडा?"

मी घास खाली ठेवला.

प्रत्येक वेळी हात वर गेला, की कोणीतरी मागून मनगट धरत होतं. गरम बोटं होती.

मी बाबांना हेच सांगितलं. पण खरं सांगू? ती बोटं तिची होती, की मीच माझा हात आवरत होते... ते मला आजही ठरवता येत नाही.