दोन माणसांची हवा

लग्नाच्या मांडवात लोक नवरी बघतात, मी छत बघतो. एवढी माणसं, एवढी उंची, म्हणजे हवा किती लागेल आणि तिची नळी केवढी, हे गणित माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतं. बायको म्हणते, तुम्हाला जेवायला बोलावलंय, लोकांचे श्वास मोजायला नाही. पण मला हे काम मनापासून आवडतं. नगरच्या एका पत्र्याच्या कारखान्यात मी हवेच्या नळ्यांचे अंदाज काढायचो. थिएटर असो की साखरेचं गोदाम, माझी नळी कधी कमी पडली नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात सहादू माझ्याकडे आला. साखर कारखान्यात तो फिटरच्या हाताखाली होता, तिथली ओळख. नेवाशाजवळ त्याच्या वस्तीवर, अंगणात, ज्वारीचं जुनं पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं आणि वर रांजणासारखं अरुंद तोंड. काही वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ आसाराम घाईने आत उतरला आणि कोंडलेल्या हवेने गुदमरून गेला. त्याला वर काढून अग्नी दिला आणि पेवाचं तोंड लिंपून टाकलं. आसारामची बायको कडूबाई तेव्हापासून कुणाला तिथे हात लावू देत नव्हती. आता घरात रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, त्याही अर्ध्या पोटी, आणि पायाखाली ज्वारी.

"वहिनी म्हनती, हवेची सोय केली तरच उतर," सहादू म्हणाला.

रविवारी मी टेप घेऊन गेलो. पेव उघडून दोरीला वजन बांधलं आणि खोली मोजली. गणित सोपं होतं. तळापर्यंत जस्ती पत्र्याची नळी न्यायची आणि वर पंखा बसवायचा. खालची जड हवा ओढली की तोंडातून ताजी आपसूक उतरते. पेवाचं पोट, उतरणारा एक माणूस, आणि धान्यही थोडा श्वास घेतं त्याची भर. सहा इंची नळी भरपूर झाली. विहीर कोरडी असल्याने मोटारीची वीज रिकामीच होती, तीच वायर अंगणात ओढली.

पुढच्या खेपेला पंखा सुरू केला. पेवात उतरण्याआधी हवा तपासायला कंदील सोडायची रीतच आहे. कडूबाईने दोरीने तो सोडला. तळाशी गेला आणि विझला.

बऱ्याच वेळाने पुन्हा सोडला, पुन्हा विझला. मी अगरबत्तीचा धूर धरून नळीचा सांधा न् सांधा तपासला. कुठेच गळती नव्हती. मग नळीच्या बाहेरच्या तोंडाशी हात धरला. येणारी हवा उबदार आणि दमट होती, भरल्या थिएटरातून येते तशी. धान्य तापलं असेल, असं मी म्हणालो. पण कंदिलाच्या कडीत अडकून चार दाणे वर आले होते, ते गार आणि खडखडीत होते.

कडूबाई शेजारी येऊन बसली.

"सायेब, हिशेबात मानसं किती धरली?"

"एक. सहादू एकटाच उतरणार ना?"

"दोन धरा."

"दुसरं कोण?"

"धरा की. पत्राच लागंल थोडा जास्त."

मला हसू आलं. थोडा रागही आला, कारण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. शेवटी मी सगळंच दुप्पट धरलं. दुप्पट हवेला दुप्पट व्यास लागत नाही, साडेआठ इंचात भागतं. नवी नळी बनवली, मोठा पंखा आणला.

कंदील तळाशी गेला आणि जळत राहिला.

सहादू शिडीने उतरला. मी तोंडाशी गुडघे टेकून बसलो होतो. माझी नळी, माझं गणित, आणि खाली जिवंत माणूस.

"सहादू?"

"झ्याक हाय, सायेब. टोपली सोडा."

पहिली टोपली आली. पांढरी ज्वारी, एका दाण्याला कीड नाही. कडूबाई हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आता भाकरी खाऊनच जायाचं," ती म्हणाली.

दुपारच्या उन्हात पोती भरत गेली. एवढं समाधान मला कुठल्या थिएटरातही मिळालं नव्हतं.

सहादू दमून वर आला आणि पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याशेजारी सावलीत टेकला.

कडूबाईने रिकामी टोपली पुन्हा खाली सोडली. सहादू वर आल्याचं तिच्या लक्षात आलं नसेल, असं मला वाटलं.

दोर ताणला गेला.

ती ओढू लागली. टोपली वर आली. काठोकाठ भरलेली, वरून हाताने सारखी केलेली.

सहादू पाणी प्यायचा थांबला.

कडूबाईने ज्वारी पोत्यात ओतली, टोपली खाली सोडली आणि पेवाच्या तोंडाशी वाकून हळू म्हणाली,

"दमानं भरा. आता हवा लई हाय."