हातांना आठवतं ते

कॉलेज रोडवर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी ‘हस्तस्मृती केंद्र’ उघडलं तेव्हा लोकांनी आधी नाकं मुरडली आणि मग रांगा लावल्या. आता नाशिककरांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. चाव्या करून घ्यायला जावं तितक्या सहज लोक तिथे जात आणि आपल्याच हातांकडून हरवलेल्या गोष्टी काढून घेत. त्या सकाळी सुशांत अहिररावच्या आधी एका आजीबाईंचा नंबर होता. दोन्ही मनगटांवर राखाडी पट्टे, डोळे मिटलेले आणि चिमटीतून पाटावर रांगोळी झरतेय. लहानपणी शिकलेली, पुढे साफ विसरून गेलेली वेल बघता बघता पाटावर उतरली. आजीबाईंनी डोळे उघडले, “अगं बाई, हीच ती!” म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

सुशांतचं तिकडे लक्ष नव्हतं. मांडीवरचा जुना लॅपटॉप घट्ट धरून तो शेजारी बसलेल्या बायकोकडे तिरक्या नजरेने बघत होता. केतकीचे डोळे लॅपटॉपवर खिळले होते.

कसारा घाटात त्याची गाडी उलटली, त्याला आता बराच काळ लोटला होता. हाडं जुळली, पण अपघाताआधीची दोन-अडीच वर्षं डोक्यातून पुसली गेली ती गेलीच. त्या वर्षांत आपण काय खाल्लं, कोणाशी भांडलो, कशाला हसलो, काही म्हणता काही आठवत नव्हतं. केतकीला विचारलं की ती म्हणायची, “विशेष काही नाही रे. चारचौघांसारखंच.” मग गेल्या महिन्यात रंगकामासाठी माळा रिकामा करताना हा लॅपटॉप सापडला. लॅपटॉप त्याचा, आतलं सगळं कुलूपबंद आणि पासवर्ड हरवलेल्या वर्षांतला.

“भंगारात देऊन टाक,” केतकी लगेच म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. तेव्हा सुशांतच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एका जुन्या डबड्याची हिला एवढी घाई का? आणि दर गुरुवारी दुपारी ही जाते कुठे? विचारावं, तर सरळ विचारण्याची त्याला लाज वाटे. न विचारावं, तर झोप लागत नसे. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते कुठे, हे या लॅपटॉपला ठाऊक होतं, असं त्याने मनाशी पक्कं करून टाकलं. एकदा एखादी गोष्ट पक्की केली की हा गृहस्थ पुरावा नंतर शोधायचा.

“या सर,” केंद्र चालवणाऱ्या फौझिया शेखने त्याला खुर्चीवर बसवलं. “एकच सांगते. पासवर्ड आठवायचा प्रयत्न अजिबात करू नका. डोकं मध्ये आलं की हात बावचळतात.”

“पण मला अपघातात...”

“तुमची गेली ती घटनांची आठवण. हातांच्या सवयी मेंदू दुसरीकडे ठेवतो. सायकल विसरलात का? नाही ना? रोज टाइप केलेला पासवर्डही तसाच.” तिने पट्टे बांधले. “हे पट्टे नसांना बारीकसा इशारा देतात आणि कानातला सूर मनाला जरा गुंगवतो. बाकी काम तुमचे हातच करतील.”

“सुशांत,” केतकी एकदम म्हणाली, “अजूनही नको करूस. घरी जाऊ या.”

“का? आत काय आहे?”

“मला काय माहीत!”

तिने असे कानांवर हात ठेवताच त्याचा उरलासुरला विचारही संपला. त्याने डोळे मिटले.

कानात संथ सूर सुरू झाला. काही वेळ काहीच घडलं नाही. मग त्याच्या उजव्या हाताची करंगळी हलली आणि पाठोपाठ बाकीची बोटं कळफलकावरून सफाईने धावून गेली. आपलेच हात परक्यासारखे चाललेले जाणवून त्याच्या अंगावर काटा आला. डोळे उघडले तर लॅपटॉप उघडला होता.

पण हात थांबले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं एक चिन्ह दाबलं, दुसरा पासवर्ड घातला आणि पडद्यावर नाशिकचा नकाशा आला. नकाशावर एक लाल ठिपका लुकलुकत होता. हातांनी तो मोठा केला. कॉलेज रोड, झेरॉक्सचं दुकान आणि त्याच्या शेजारची हीच इमारत. ठिपक्याखाली नाव होतं: केतकी.

“हे काय आहे?” सुशांत फौझियाकडे वळला.

फौझिया वाकून खालची बारीक अक्षरं वाचायला लागली. “शोधक आहे, ट्रॅकर. तांदळाच्या दाण्याएवढा असतो. अंगाच्या उबेवर चालतो, म्हणून वर्षानुवर्षं बंद पडत नाही. लॅपटॉप बंद असला तरी रोजची नोंद कंपनीकडे साठत राहते.” मग तिने चाचरत पुढचा शब्द वाचला. “जागा... मंगळसूत्र.”

केतकीचा हात गळ्याकडे गेला.

“तूच गाठवून आणलं होतंस,” ती म्हणाली. “सराफाकडे स्वतः गेलास, वाट्यांमधली लाखही नवीन भरून आणलीस. मला किती बरं वाटलं होतं, माहितीय? नवऱ्याला सुचलं म्हणून! त्यानंतर रोज संध्याकाळी तू मला सांगायचास, मी दिवसभर कुठे कुठे गेले ते. बरोब्बर सांगायचास. मला वाटायचं, समोर राहणाऱ्या रंजना तुझ्याकडे चुगल्या करतात. त्यांच्याशी मी बोलणं तोडलं. बहिणीकडे जाणं सोडलं. भाजीला जायचीसुद्धा धास्ती वाटायची.”

“केतकी, मला यातलं काहीच...”

“आठवत नाही. ठाऊक आहे. दवाखान्यात शुद्धीवर आलास आणि पहिलं काय विचारलंस? ‘जेवलीस का?’ तो सुशांत मला परत मिळाला होता. म्हणून मी कशाचा पत्ता लागू दिला नाही. तेव्हा तू रोज याच डबड्यात डोकं खुपसून बसायचास, म्हणून हे भंगारात द्यायचं होतं.”

शरमेने सुशांतला मान वर करवेना. केतकीने मंगळसूत्र काढून त्याच्यासमोर ठेवलं. सोनं थंड होत गेलं तसा पडद्यावरचा ठिपका फिका होत विझला.

“गुरुवारी मी कुठे जाते, हे तुझ्या डोक्यात आहे ना? मागचं सगळं त्यात साठवलेलं असेल. त्यात बघ, नाहीतर बाहेर येऊन मला विचार. विचारलंस तर सांगेन. पण आधी बघून मग विचारू नकोस.” ती दार लोटून बाहेर गेली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली.

सुशांतला उठायचं होतं. खरंच उठायचं होतं. त्या दुसऱ्या सुशांतची त्याला किळस आली होती आणि हा आपण नव्हेच, असं केतकीला ओरडून सांगायचं होतं. पण उजवा हात कळफलकावरच होता. बोटांनी तारखांची यादी उघडली आणि ती सरसर खाली नेली. मागच्या गुरुवारावर ती थांबली.

“फौझिया, यंत्र बंद करा!” तो ओरडला. “हात थांबत नाहीयेत माझे!”

फौझियाने त्याच्या मनगटांकडे बोट दाखवलं. पट्ट्यांवरचे हिरवे दिवे विझलेले होते.

“सर,” ती हळूच म्हणाली, “लॅपटॉप उघडला तेव्हाच मी यंत्र बंद केलं होतं.”

सुशांतने काचेतून बाहेर पाहिलं. केतकी दाराकडे बघत बसली होती. त्याचं बोट मागच्या गुरुवारावर टेकलेलंच होतं, फक्त दाबायचं बाकी होतं. ते आता उचललं जाणार होतं की दाबलं जाणार होतं? आणि ते ठरवणारा यातला नेमका कोणता सुशांत होता?