डावखुरी बासरी

"मयूर, पकड!"

आकांक्षा ओरडेपर्यंत बासरी मयूरच्या हातून निसटली आणि खाटेखाली गडगडत गेली. आनंदा आजोबांनी ती आज पुन्हा भिरकावली होती.

"बघितलंस?" दारातून रघुवीरकाका म्हणाले. "जन्मभर वाजवलेली बासरी ओळखत नाहीत. माणसं काय ओळखणार? उद्या वृद्धाश्रमाची गाडी येतेय."

"काका, मी बसेन ना त्यांच्याजवळ! दिवाळीची सुट्टीच आहे."

"आणि सुट्टी संपल्यावर?"

पक्षाघाताने आजोबांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आकांक्षा आणि मयूर बासरी घेऊन गॅलरीत आले. गिरगावातल्या त्या चाळीत सगळ्यांच्या दारांत कंदील लागले होते. त्यांचंच दार काळोखात होतं. खोताच्या वाडीतली मेगन फराळाचा डबा परत द्यायला आली होती. ती पायरीवर टेकली.

"भजनात आजोबा नेहमी कडेला का बसायचे गं?" तिने विचारलं.

"डावखुरे ना! बासरी डावीकडे धरायचे. मधे बसले की शेजारच्याच्या कानात बासरी!"

मयूर खुदकन हसला. आकांक्षाला हसू आलं नाही. तीही डावखुरी. 'देवाचं वाद्य उलटं धरायचं नाही,' असं भजनाच्या गुरुजींनी दटावलं, तेव्हा तिने बासरी सोडूनच दिली होती. आजोबा तेव्हा गुरुजींवर रागावून दोन दिवस जेवले नव्हते.

"आमचे डॅडी पण लेफ्टी," मेगन म्हणाली. "त्यांचं गिटार लगेच ओळखू येतं. ओरखडे सगळे उलट्या बाजूला!"

आकांक्षाने चमकून हातातली बासरी उजेडात धरली. फुंकायच्या भोकाच्या एका कडेला बांबू काळपट, गुळगुळीत झाला होता. वर्षानुवर्षं तिथे कुणाचा तरी ओठ टेकला होता. तिने आजोबांसारखी बासरी डावीकडे धरली. काळपट कड ओठाला लागलीच नाही, बाहेर गेली!

"अरे, ही आजोबांची नाहीच! ही उजवीकडे धरणाऱ्या कुणाची तरी आहे!"

"आयला!" मयूर उडालाच. "रंगकामाच्या वेळी काकांनी आजोबांचं सामान खालच्या, भजनी मंडळाच्या खोलीत टाकलं होतं. तिथेच अदलाबदल झाली!"

"काकांना सांगूया?" आकांक्षा म्हणाली.

"वेडी आहेस? 'पोरांनी वाद्यांना हात लावायचा नाही' म्हणतील. थांब!"

तो आत गेला. काका मोबाइलमध्ये बुडाले होते. "काका, आपला कंदील खालच्या खोलीत आहे ना? किल्ली द्या की!"

काकांनी मान वर न करता किल्ली पुढे केली.

खालच्या खोलीत कोंदट वास होता. मंडळाच्या पेटीत टाळांखाली बऱ्याच बासऱ्या होत्या. आकांक्षा एकेक डावीकडे धरून पाहत होती. ही नाही. हीपण नाही. तळाशी एक चिरलेली, दोऱ्याने बांधलेली बासरी निघाली. तिने ती ओठाला लावली. गुळगुळीत कड अलगद ओठाखाली बसली.

"हीच!"

"कंदील कुठेय?" मागे काका उभे होते.

आकांक्षा धावत जिना चढली. तिने बासरी आजोबांच्या डाव्या हातात दिली. आजोबांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. ही त्यांनी भिरकावली नाही. ओठाला लावून फुंकली. नुसतीच हवा निघाली. उजवा हात उचलत नव्हता, वरची भोकं उघडीच होती.

आकांक्षा खाटेवर बसली आणि लुळ्या हाताच्या जागी तिने आपली बोटं टेकवली.

आजोबांनी पुन्हा फुंकलं. कापरा, बारीक, पण सूर आला!

"मी सगळ्यात चकचकीत दिसली ती उचलून आणली होती," काका पुटपुटले. "म्हटलं, सगळ्या सारख्याच."

त्यांनी फोन लावला. "उद्या गाडी पाठवू नका. नाही, परवाही नको." मग मुलांकडे वळून म्हणाले, "शाब्बास रे! ते काहीच विसरले नव्हते. मीच नीट बघितलं नाही."

आजोबांचा श्वास लवकरच संपला. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. त्यांनी बासरी आकांक्षाच्या हातात दिली. गुरुजींचं दटावणं आठवून तिने ती उजवीकडे धरली, तशी आजोबांनी नकारार्थी मान हलवली आणि डाव्या हाताने बासरी हळूच फिरवून डावीकडे केली.