तिसऱ्या डब्याखालचा बेल

सांगवी रोड स्टेशनात, मुख्य रुळांच्या बाजूच्या आडलाइनीवर दोन महिने चार नवे डबे उभे होते. चैत्रापासून धाराशिवला सकाळची गाडी सुटायची होती. कचेरीची माणसं, शाळेची पोरं, सगळे तिच्या वाटेवर डोळे लावून बसलेले.

सोमवारी दुपारी राखणदार गोरोबा घरी भाकरी खाऊन परतला, तो तिसऱ्या डब्याच्या काचा फुटलेल्या, बाकं उचकटलेली. पहार त्याच्याच राखणीच्या झोपडीतली. संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी त्यालाच बेड्या घातल्या.

मंगळवारी सकाळी त्याची बायको कोंडाबाई प्रेमाबाईंच्या पायरीशी येऊन बसली. दवाखान्यातली नोकरी सोडल्यापासून गावोगावच्या भानगडींचा छडा लावणं, हेच प्रेमाबाईंचं काम झालं होतं.

"सांजच्या गाडीनं तुरुंगात नेत्यात, बाई. माझे दिस भरल्यात. बाळंतपणाला घरात दुसरं कुणी न्हाय."

प्रेमाबाईंनी चपला घातल्या. भाचा उत्तरेश्वर, शाळेतला मास्तर, छत्री घेऊन मागं निघाला.

"आत्या, हे काम शिवलिंगप्पाचं," वाटेत तो म्हणाला. "त्याच्या बैलांच्या बारा दमण्या धाराशिवला सवारी नेतात. गाडी सुरू झाली की त्याचा धंदा बसला."

"मग त्यानं एकच डबा का फोडला? तीन धड आहेत."



तिसऱ्या डब्यापाशी प्रेमाबाई वाकल्या. खालच्या खडीत बेलाची पानं होती. काही वाळून काळी पडलेली, काही कालचीच.

"वाऱ्यानं आली असतील," उत्तरेश्वर म्हणाला.

"या माळावर बेलाचं झाड दाखव, मास्तर. मग बोल."

अमीनसाहेब मूळचे हैदराबादचे. त्यांचा साक्षीदार म्हणजे लाइनीलगतच्या शेतातला कल्याणप्पा. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, नजर जमिनीकडं.

"काल दुपारी कुठं होता तुम्ही?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"शेतात. औत हाणीत होतो. गोरोबा पहार घेऊन डब्यात चढला, तो म्या बघितला."

"काल संध्याकाळीही असंच सांगितलंत?"

"तसंच लिवलंय साहेबांनी."

शिवलिंगप्पा पारावर भेटला.

"माझं नाव घेणारच लोक," तो हसला. "पण काल दिवसभर हितंच पत्ते कुटत हुतो, बाई. सोमवारी नंदीच्या खांद्यावर जू न्हाय ठेवीत आमी. एकबी दमणी सुटली न्हाय."

"आणि कल्याणप्पा?"

त्याचं हसू मावळलं. "त्येच्या वाट्याला जाऊ नका. आधी लेक गेली. वरीस न्हाय झालं तर शेताचा तुकडा लाइनीत गेला. तवापासनं ठिकाणावर न्हाय गडी."

संध्याकाळी गोरोबाला फलाटावर आणलं; साक्षीदार म्हणून कल्याणप्पालाही बोलावलं होतं. कोंडाबाई पोट धरून खांबाला टेकली होती. लांब शिट्टी वाजली.

"अमीनसाहेब, बेड्या काढा," प्रेमाबाई म्हणाल्या. "साक्षीदार खोटं बोललाय."

"सबूत?"

"लिंगायत शेतकरी सोमवारी औत धरत नाही. तुम्ही हैदराबादचे, तुम्हाला कसं कळावं? विचारल्यावर रोजचं उत्तर यांच्या तोंडून गेलं. एकदा कागदावर चढलं, मग मागं घेता येईना."

"पण आत्या, डबा कशासाठी फोडला?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"बेल कुणी वाहिला ते बघ. सोमवारी बेल वाहणारा शिवाचा माणूस. पण खडीवर पिंड नाही. मग खाली काय? यांच्यात माणूस पुरतात, बऱ्याचदा आपल्याच शेतात." त्या कल्याणप्पाकडं वळल्या. "आडलाइन तुमच्याच तुकड्यावरून गेलीय ना? तिसऱ्या डब्याखाली लेक आहे तुमची."

कल्याणप्पा तिथंच खाली बसला.

"नागम्मा. आठ वर्साची. लाइन टाकली, सोसलं. वरनं गाडी जाईल अन् निघून जाईल, म्हटलं. पर हे डबं हलंचनात. दोन म्हैनं तिच्यावर ऊन न्हाय. अंधाराला लई भ्यायची ती." त्यानं पंचा तोंडाला लावला. "काल बेल घिऊन गेलो आन् डोकंच फिरलं, झोपडीतली पहार उचलली. साहेबांनी विचारलं तवा भ्यालो. गोरोबाचं नाव घेतलं."

अमीनसाहेबांनी गोरोबाच्या बेड्या काढल्या आणि कल्याणप्पाच्या हातात चढवल्या.

गाडी लागली. गोरोबा मनगट चोळत जवळ गेला. आता हा थुंकणार, असं उत्तरेश्वरला वाटलं.

"बेल कुठनं आणता, कल्याणप्पा?" गोरोबानं विचारलं.

कल्याणप्पानं मान वर केली. "मठाच्या मागं. एकच झाड हाय."

"सोमवारी मी आणीन."

कल्याणप्पा डब्यात चढला. गाडी हलली तरी तो दारातून आडलाइनीकडंच बघत होता. तिथं चारही डबे होते तसेच उभे होते.