नंबर त्रेचाळीस

विद्यापीठाच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे मी सव्वीस वर्षं काढली. लोक घाईपोटी नियम मोडतात; मी आळसापोटी पाळले.

त्या सकाळी मिरगीचा त्रास असलेली एक विद्यार्थिनी डोक्याची तपासणी करून घ्यायला आली. सोबत तिचा मदतनीस कुत्रा होता. करडा, वयस्कर, निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकासारखा गंभीर. तिला झटका येणार हे त्याला आधी कळायचं. मी तिला सांगितलं, असा कुत्रा दवाखान्यात कुठेही चालतो, फक्त तपासणीच्या खोलीत नाही. तसा नियम आहे.

"तो जवळ नसला तर मला कळणार नाही, काका," ती म्हणाली.

दहा मिनिटांचा तर प्रश्न, म्हणत मी तिला आत पिटाळलं.

कुत्रा खिडकीशी बसून राहिला. नंबराशिवाय हॉलमध्ये कोणी बसायचं नाही, हाही नियमच. मला गंमत सुचली. त्याच्यासाठीही यंत्रातून कागद काढला आणि डॉक्टरांकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात ठेवला. नाव कोरं, नंबर त्रेचाळीस, त्या दिवसाचा शेवटचा.

थोड्या वेळाने बोर्डावर त्रेचाळीस आकडा लागला. कुत्रा उठला आणि शांतपणे डॉक्टरांच्या खोलीत गेला. औषधासाठी थांबलेला हॉल हसला, मीही हसलो.

मग दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

पाचेक मिनिटांनी कुत्रा बाहेर आला. मागोमाग डॉक्टर.

"ते आजोबा कुठे गेले?"

कोणते आजोबा, मी विचारलं.

"आत्ता आत होते ते. फार हळू बोलत होते. म्हणाले, माझं काही नाही, त्या पोरीला टेबलावरून खाली घ्या."

आत कुत्रा होता, असं मी सांगितलं. माझ्या थट्टेची सवय असल्याने त्यांनी लक्ष दिलं नाही, पण तपासणीच्या खोलीकडे धावले. मीही धावलो.

मुलगी उंच टेबलावर एकटीच होती, डोक्याला तारा लावलेल्या. नर्स शेजारी कागद आणायला गेली होती. आम्ही मुलीला उचलून खाली गादीवर ठेवलं. काय झालं, असं ती विचारत होती, तेवढ्यात झटका आला.

दुपारी ती सावरली आणि कुत्र्याला घेऊन गेली. मी नियमांची फाइल काढली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. तपासणीच्या खोलीबद्दल तिच्यात एक अक्षरही नव्हतं. मला तो नियम आधीच्या कारकुनाने तोंडी सांगितला होता.

हॉल रिकामा होता. डॉक्टर माझ्या खिडकीशी उभे राहून त्रेचाळीसचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. नाडी, रक्तदाब, वय एक्क्याऐंशी. सगळं त्यांच्याच अक्षरात.

बोर्ड वाजला.

चव्वेचाळीस.

पुढचा नंबर लावायचं बटण एकच आहे, डॉक्टरांच्या टेबलावर.

"हा कोणाला दिलात?" त्यांनी विचारलं.

कोणालाच नाही, म्हणायला मी तोंड उघडलं, तोच माझ्यासमोरच्या यंत्रातून कागद सरकत बाहेर आला. त्यावर माझं नाव होतं, आडनावासकट.