जुईचं उष्टावण

साथींनी दोन पिढ्या कापून काढल्या, आणि मग पुण्यात साधं मूल जन्माला घालणं म्हणजे निव्वळ हयगय मानली जाऊ लागली. आता हवीत ती 'प्रतिबिंब-बाळं'! जनुकं आईबापांचीच, पण शरीरातला प्रत्येक रेणू आरशातला. अणू तेच, त्यांची जोडणीही तीच. फक्त अवकाशातली मांडणी उलटी. रसायनशास्त्रात अशा रेणूंना प्रतिबिंबी समघटक म्हणतात. उजव्या पायातला जोडा डाव्यात जात नाही, तसा आपल्याकडचा विषाणू या बाळांच्या पेशीत शिरत नाही. जाहिरातींनी एवढंच सांगितलं आणि लोक भुलले.

शलाका नाफडेही भुलली. तिची जुई कृत्रिम गर्भकोशात वाढून घरी आली, सोबत दुधाच्या भुकटीचे डबे आले. सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे उष्टावण झालं. मामानं चांदीच्या वाटीतली खीर चाटवली. जुईनं मिटक्या मारल्या. मग काय, घरात आनंदीआनंद! डबे मागे पडले. रोज खीर, मऊ भात, कुस्करलेलं केळं. पोर पोटभर जेवत होती आणि वाळत चालली होती. शेवटी जुई जिथं घडली होती, त्या केंद्रात शलाका तिला घेऊन धावली.

"भात दिलात?" केंद्रातले डॉक्टर साठ्ये कडाडले. "अहो, तिचे पाचक रस आरशातले. आपला भात त्यांना पचतच नाही. आला तसा जातो."

"पण तिला आवडत होता हो!"

"साखर सरळ असो की उलटी, गोडच लागते. जिभेला फरक कळत नाही, पोटाला कळतो."

शलाका उसळली. "हे आधी सांगायला तोंडं शिवली होती का तुमची?"

"विशेष आहार लागेल, असं सांगितलं होतं."

"विशेष! मला वाटलं, दात येईपर्यंत. जन्मभर म्हणाला असतात तर कोण फिरकलं असतं तुमच्या दारात?"

साठ्ये जरा नरमले. "तिला चालेल असं अन्न आमच्या कारखान्यातच तयार होतं. पण ताई, एकही साथ तिला शिवणार नाही."

"माझ्या घरचं काय चालेल तिला? काहीतरी सांगा ना!"

त्यांनी खरंच विचार केला. "पाणी. आणि मीठ. त्यांना डावं-उजवं नसतं."

टेबलावरचा भुकटीचा डबा याच्या डोक्यात घालावा, असं शलाकाला वाटलं. पण जुई भुकेनं रडत होती. शलाकानं डबा उघडला आणि कारखान्याचं दूध कालवायला घेतलं. पाणी तेवढं तिनं घरून आणलेल्या बाटलीतलं घातलं.