एकशे बेचाळीस हिरवे दिवे

चंद्राच्या दक्षिण टोकावरच्या ध्रुवतळ ठाण्यात मेसचे सगळे नियम पृथ्वीवरचेच होते. जेवणाला टाय सक्तीचा. एक षष्ठांश वजनाच्या त्या जगात माणूस सूपकडे वाकला की टाय वाटीत डोकावायला निघायचा, म्हणून प्रत्येक अधिकारी तो डाव्या हाताने दाबून धरायचा. रडायला मात्र मनाई होती. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायचीही सोय नव्हती. शिवाय चंद्रावर रडणं महाग पडतं. पृथ्वीवर गालावरून निसटलेला थेंब अर्ध्या सेकंदात जमिनीला लागतो, इथे त्याला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात तो सगळ्या टेबलाला दिसतो.

त्या सोमवारी डॉ. सुलभा कारखानीस ठाण्यावर उतरल्या. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, आणि चंद्रावर ते कुरकुरत नाहीत म्हणून स्वारी भलतीच खुशीत. उल्काशराचं कुलूप त्यांनी बनवलेलं. उल्काशर म्हणजे पृथ्वीकडे येणारे दगड वाटेतच फोडणारा किरण. तो चुकून भलतीकडे वळला तर एखादं शहरच जायचं, म्हणून त्याला दोन अधिकाऱ्यांशिवाय न उघडणारं द्वैतकुलूप होतं.

"बाई, एक सांगा," ठाण्याचे प्रमुख ब्रिगेडियर बेलवलकर म्हणाले. "दोन माणसं हवीत तर दोन किल्ल्या द्यायच्या. ही हृदयाची भानगड कशाला?"

"किल्ल्या दोन असल्या तरी डोकी दोन असतात असं नाही, ब्रिगेडियर. एकमेकांत जीव अडकलेली दोन माणसं समोरासमोर बसली, की थोड्या वेळात त्यांची हृदयं एका ठेक्यात पडायला लागतात. याला आम्ही स्पंदनमेळ म्हणतो. मग एक घाबरला की दुसरा घाबरतो. खुर्च्या दोन, माणूस दीड. अशांच्या हातात किरण द्यायचा?"

"म्हणजे मेळ जमला की कुलूप बंद."

"हो. आणि त्याला दोन्ही बाजू लागतात. एकट्याने कितीही जीव टाकला तरी मेळ जमत नाही. सुरुवातीला मी एक जोडपं बसवून पाहिलं, लग्नाला बावीस वर्षं झालेलं. म्हटलं, आता हे काही उघडत नाही."

"मग?"

"खटकन उघडलं. नवरा मला म्हणाला, मशीन चांगलं आहे, पण हिला आत्ताच सांगू नका."

ब्रिगेडियर हसले. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "उत्तरेच्या ठाण्यावर दोन कॅप्टनांचं अडकलं होतं. दोघेही पुरुष. आता कायदा बदलून वीस वर्षं झाली, माझी काही हरकत नाही. पण मेसमध्ये शोभतं का ते? दोघांनाही खाली पाठवून दिलं. शिक्षा नव्हे हं! तांत्रिक कारण."

उत्तरेचं ते प्रकरण झाल्यापासून ध्रुवतळावर दोन अधिकारी जरा जास्त वेळ बोलत उभे राहिले, की कुणीतरी ओरडायचं, "काय रे, कुलूप अडकलं का?" आणि मेसभर हशा पिकायचा. कर्नल उदाजी वाघचौरे सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

कर्नल वाघचौरे साताऱ्याकडचे, वय सेहेचाळीस. गेली तीन वर्षं दर मंगळवारी सकाळी दहा वाजता ते कुलपाच्या खोलीत चाचणीला बसायचे. समोर दोन हातांवर मेजर अन्वर परकार. दोघांनी तळहात आपापल्या स्पर्शपाटीवर ठेवायचे, दोन मिनिटं बोलायचं नाही. मेळ नसला तर साठाव्या सेकंदाला हिरवा दिवा लागायचा, पुढे मिनिटभर तो टिकावा लागायचा; मेळ जमला तर कुठल्याही क्षणी लाल. रजा वगळून एकशे बेचाळीस मंगळवार झाले होते. एकशे बेचाळीस वेळा दिवा हिरवाच लागला होता, आणि दर वेळी उदाजींना तोच निरोप मिळाला होता: परकारच्या मनात तुझ्यासाठी काही नाही.

परकार हर्णैचा. खिडकीशी उभं राहून पृथ्वीकडे बघायचा आणि म्हणायचा, "आता आमच्या बंदरात भरती असेल, सर. ते पाणी आपणच ओढतोय इथनं. घरच्यांना सांगितलं तर म्हणतात, जरा हळू ओढ, होड्या आपटतात."

उदाजींना त्या वेळी पुष्कळ काही म्हणायचं असायचं. ते म्हणायचे, "हं."

परकारची तीन वर्षं भरली होती. गुरुवारच्या यानाने तो कायमचा खाली जाणार होता, आणि मंगळवारची शेवटची चाचणी बाईंच्या देखरेखीखाली व्हायची होती. सोमवारी दुपारी उदाजी बाईंच्या प्रयोगशाळेत गेले आणि टोपी हातात घेऊन उगाच उभे राहिले.

"बसा, कर्नल. टोपीलाही बसवा."

"एक तांत्रिक शंका होती. माझा एक मित्र आहे…"

"मित्राची रँक काय?"

उदाजींचे कान तांबडे झाले. "साधारण माझ्याएवढीच. त्याला समोरच्याबद्दल… आदर आहे. फार आदर. पण दिवा कायम हिरवा लागतो. म्हणजे समोरच्याला नाही, असंच ना?"

"दिवा लागेपर्यंत तुमचा मित्र काय करतो?"

"काय करणार? स्वतःला आवरतो. अकादमीत शिकवतात तसं. समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायचं आणि मनात कवायतीचे ठेके मोजायचे, डावा-उजवा, डावा-उजवा. हृदय आपोआप रांगेत येतं."

बाईंनी चष्मा काढला. "दर वेळी?"

"दर वेळी. नाहीतर आपलं बिंग फुटेल ना. म्हणजे त्याचं."

"अहो, वेडा आहे का तुमचा मित्र? मेळाला दोन बाजू लागतात. एक बाजू त्याने स्वतःच दाबून धरली, तर कुलूप काय डोंबल सांगणार? समोरचा त्याच्यासाठी जळून कोळसा झाला असता तरी दिवा हिरवाच लागला असता. तीन वर्षं तो समोरच्याची परीक्षा घेतोय, आणि पेपर स्वतःच कोरा देतोय!"

उदाजी आता खुर्चीत बसले. एवढा साधा हिशेब कुणा शाळकरी पोरालाही सुटला असता. पण आपलं हृदयही त्या बेरजेत धरायचं असतं, हे त्यांना कुठल्या अकादमीत शिकवलं नव्हतं.

"आणि त्याने एकदा मोजलं नाही तर?" त्यांनी विचारलं.

"तर कळेल. लाल लागला तर ब्रिगेडियर दोघांना तांत्रिक कारण लावतील, आणि लोक पेन्शनीपर्यंत हसतील. हिरवा लागला तर…" बाई थांबल्या. "तर तेही कळेल."

मंगळवारी दहा वाजता दोघे समोरासमोर बसले. बाई ठोके दाखवणाऱ्या मापकाशी, ब्रिगेडियर दाराशी.

"शेवटची वेळ, सर," परकार म्हणाला. "दिवा रुसला नाही म्हणजे मिळवली."

"हात ठेवा. बोलणं बंद," ब्रिगेडियर म्हणाले.

उदाजींनी हात ठेवला आणि मोजलं नाही. भिंतीकडेही बघितलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या दोन मिनिटांत समोरच्या माणसाकडे बघितलं. कानशिलाजवळचे नवे पांढरे केस, दाढी करताना हनुवटीखाली सुटलेली एक जागा. त्यांचं हृदय असं काही उधळलं की बाईंच्या मापकाची सुई दचकली. परकार मात्र उदाजींच्या डोक्यावरून सरळ भिंतीकडे बघत होता.

साठावा सेकंद. हिरवा.

म्हणजे नाहीच. आता शंकेलाही जागा उरली नाही. उदाजींची मान खाली गेली. अकादमीत खाली बघणाऱ्याला शिक्षा असायची, त्यामुळे समोरच्याचे बूट त्यांनी आजवर कधी पाहिलेच नव्हते. ते आज दिसले. परकारच्या उजव्या बुटाचं टोक हलत होतं. किंचित. मग डाव्याचं. मग पुन्हा उजव्याचं.

डावा-उजवा, डावा-उजवा.

उदाजी बघत राहिले. ज्याच्याकडे दाबण्यासारखं काही नाही, तो माणूस कशाला मोजेल?

एकोणसत्तरावा सेकंद चालू होता. उदाजींना वीस वर्षांच्या नोकरीत मवाळ बोलणं जमलं नव्हतं, आणि आयत्या वेळी कुठून आणणार? परेड मैदानावर हजार माणसं जागच्या जागी गोठवणाऱ्या आवाजात ते ओरडले,

"परकार, थम!"

मेजर परकारचे बूट जागच्या जागी थांबले. हुकूमच तो. त्याने भिंतीवरची नजर खाली आणली, आणि उदाजी आपल्याकडे कसे बघताहेत ते पाहिलं.

"सर," तो पुटपुटला, "तुम्हीपण मोजता?"

"आज नाही."

परकारच्या डोळ्यांतून थेंब निसटला आणि चंद्राच्या रीतीने सावकाश, सगळ्यांना दिसेल असा खाली आला. कुणी हसलं नाही. एकशे सहाव्या सेकंदाला दिवा लाल झाला आणि कुलपाचा दांडा धाडकन खाली बसला.

"बोलले म्हणून झालं!" ब्रिगेडियर घाईघाईने म्हणाले. "बोलल्यामुळे बिघडलं. बाई, ही चाचणी धरू नका. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतली. कुणी चकार शब्द बोललं नाही. दिवा चाळिसाव्या सेकंदालाच लाल झाला.

ब्रिगेडियरांनी कपाळ पुसलं. त्यांना आपल्या ठाण्यावर काहीही चाललं असतं, फक्त लाल दिवा नको होता. "यंत्र गरम झालं असेल. हिरवा लागेपर्यंत हे दोघे इथून उठणार नाहीत. पुन्हा!"

बाईंनी तोंडाला पदर लावला. उदाजींनी परकारकडे पाहिलं. सैन्यात हुकूम म्हणजे हुकूम. दोघांनी आज्ञाधारकपणे हात पाट्यांवर ठेवले.